धातूंनी दूषित जमीन आणि मातीतील सूक्ष्मजंतू

१. जिंझू नदीकाठचे भात

जपानच्या मध्यभागी तोयामा नावाचा एक प्रांत आहे. डोंगरातून उतरणारी जिंझू नदी या प्रांतातील सखल प्रदेशातून वाहत जाऊन समुद्रास मिळते. तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या या नदीचे पाणी पाटांनी आपल्या भातखाचरांत घेत आले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खोऱ्यातील कित्येक लोकांना, विशेषतः उतारवयाकडे झुकलेल्या व अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना, एका विचित्र व्याधीने ग्रासले. त्यांची हाडे मऊ होऊन थोड्याशा धक्क्यानेही मोडत. रोग बळावला म्हणजे नुसत्या खोकल्याची उबळसुद्धा बरगडी मोडण्यास पुरेशी होई. रुग्ण रात्रंदिवस ‘इताइ, इताइ’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे कण्हत असत. पुढे हेच त्या रोगाचे नाव पडले.

नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिसे यांची खाण होती. जस्ताच्या धातुकात कॅडमियम नावाची दुसरी एक धातू अल्प प्रमाणात मिसळलेली असते. खाणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर ती नदीत आली, नदीतून पाटात, पाटातून खाचरात आणि खाचरातून भाताच्या दाण्यात शिरली. वर्षानुवर्षे तो तांदूळ खाणाऱ्या माणसांच्या मूत्रपिंडांत ती साठत गेली. मूत्रपिंडे निकामी झाली, शरीरातील चुन्याचा मेळ बिघडला आणि हाडे ठिसूळ झाली. हा रोग कॅडमियमच्या प्रदूषणामुळे होतो हे जपान सरकारने १९६८ साली अधिकृतपणे मान्य केले. दूषित शेतांवर स्वच्छ मातीचा नवा थर घालण्याचे काम १९७९ साली सुरू झाले व ते २०१२ साली पुरे झाले. म्हणजे एका खोऱ्याची माती निर्दोष करण्यास तेहतीस वर्षे लागली.

या हकीकतीतील एक गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. ज्या भातामुळे माणसे आजारी पडली, ते भात शेतात उभे राहिले होते, निसवले होते व पिकलेही होते. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास त्यातील विष दिसले नाही.

प्रत्येक ठिकाणी अशी माती बदलणे शक्य नसते. त्यासाठी लागणारा पैसा व स्वच्छ माती कोठून आणावयाची? म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा एक प्रश्न विचारला. मातीत जे असंख्य सूक्ष्मजंतू राहतात, त्यांची मदत घेऊन पिकाला या संकटातून पार पाडता येईल काय? या प्रश्नाचे जे उत्तर आज मिळाले आहे, ते आपण या पाठात पाहणार आहोत.

२. जड धातू म्हणजे काय?

ज्या धातूंचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ५ पेक्षा अधिक असते, त्यांना सामान्यतः जड धातू म्हणतात. कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त या त्यांपैकी होत. आर्सेनिक, म्हणजे ज्याचा सोमल बनतो ते मूलद्रव्य, हे खरे पाहता धातू आणि अधातू यांच्या सीमेवरील आहे. परंतु त्याचे वर्तन विषारी असल्यामुळे त्याचाही विचार याच वर्गात करतात.

या सर्व धातू सारख्याच वाईट नव्हेत. जस्त, तांबे व निकेल ही पिकांना अत्यल्प प्रमाणात आवश्यकच असतात. ती मिळाली नाहीत तर पीक रोडावते. पण आवश्यकतेची मर्यादा ओलांडली की तीच विष ठरतात. कॅडमियम, शिसे व पारा यांचा मात्र पिकाला काहीच उपयोग नसतो.

या धातू शेतात येण्याचे मार्ग अनेक आहेत. खाणींचे पाणी, धातू गाळण्याच्या भट्ट्यांचा धूर, कातडी कमावण्याच्या व मुलामा देण्याच्या कारखान्यांतील सांडपाणी, शहरांचा मैलागाळ, टाकून दिलेल्या विद्युत्‌घटांचा कचरा, हे त्यांपैकी प्रमुख होत. काही स्फुरदयुक्त खतांतही कॅडमियमचा अंश असतो. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात तर कोणताही कारखाना नसताना भूगर्भातील पाण्यातून आर्सेनिक वर येते व नलिकाकूपांच्या वाटे शेतात पोहोचते.

शेण, पालापाचोळा किंवा मेलेले जनावर मातीत पुरले, तर काही काळाने सूक्ष्मजंतू ते कुजवून त्याचे खत करतात. धातूंचे तसे होत नाही. कॅडमियम हे मूलद्रव्य आहे. त्याचे तुकडे करून दुसरे काही निरुपद्रवी द्रव्य बनविणे कोणत्याही सूक्ष्मजंतूला साधत नाही. मग सूक्ष्मजंतूंना करता येण्यासारखे काय उरते?

याचे उत्तर समजण्यासाठी एक व्यवहारातील उदाहरण घेऊ. एखाद्या माणसाची पेढीत मोठी ठेव असेल, पण ती मुदतीपर्यंत काढता येत नसेल, तर बाजारात त्याला खिशातील नाण्यांवरच भागवावे लागते. मातीतील धातूंचेही असेच आहे. मातीत असलेली सर्व धातू पिकाला मिळत नाही. जी मातीच्या कणांना घट्ट चिकटलेली किंवा न विरघळणाऱ्या संयुगात बांधलेली असते, ती ठेवीसारखी होय. जी मातीतील ओलाव्यात विरघळलेली असते, तेवढीच मुळांच्या हाती लागते. सूक्ष्मजंतू धातूचा नाश करू शकत नाहीत. परंतु तिला खिशातून काढून पेढीत टाकणे, किंवा उलट पेढीतून काढून खिशात आणणे, ही दोन्ही कामे ते करू शकतात. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर अवलंबून आहे.

३. मुळांभोवतीचे जग

सुपीक जमिनीतील चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांशिवाय बुरशीचे सूक्ष्म धागे, शेवाळी व आदिजीव असतात ते वेगळेच. पण ही वस्ती सर्वत्र सारखी दाट नसते. मुळाच्या अगदी लगतच्या मातीत ती फारच दाट असते. कारण झाड आपण तयार केलेल्या साखरेचा व सेंद्रिय अम्लांचा काही भाग मुळांवाटे बाहेर सोडते आणि त्यावर सूक्ष्मजंतू पोसले जातात. या पट्ट्याकडे लोरेन्त्स हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली लक्ष वेधले व त्याला स्वतंत्र नाव दिले. आपण त्याला ‘मूळपरिसर’ म्हणू.

मातीतून निघून मुळात शिरणाऱ्या धातूच्या प्रत्येक कणाला हा मूळपरिसर ओलांडावा लागतो. गावाच्या वेशीवर जसे जकातीचे नाके असावे, तशीच ही जागा आहे. पिकाला मदत करावयाची तर ती येथेच केली पाहिजे.

४. सूक्ष्मजंतू स्वतःचा बचाव कसा करतात?

जेथे धातूंचे विष पिढ्यान्‌पिढ्या साचलेले असते, तेथेही काही सूक्ष्मजंतू सुखाने नांदताना आढळतात. १९७६ साली बेल्जममधील जस्ताच्या एका कारखान्याच्या गाळाच्या टाकीत असा एक जिवाणू सापडला. आज तो क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स या नावाने ओळखला जातो; या नावातच धातू सोसण्याचा अर्थ आहे. त्याचा अभ्यास करता असे दिसून आले की, त्याच्या पेशीच्या आवरणात प्रथिनांचे बनलेले सूक्ष्म पंप असतात. आत शिरलेले कॅडमियम, जस्त व कोबाल्ट हे पंप बाहेर फेकतात. बुडत्या होडीतील पाणी उपसावे, तसे हे काम अखंड चालू राहते.

इतर सूक्ष्मजंतू इतर युक्त्या योजतात. काही आपल्या अंगाभोवती बुळबुळीत, चिकट द्रव्याचे आवरण निर्माण करतात. या द्रव्यावर ऋण विद्युत्‌भार असतो आणि धातूंच्या आयनांवर धन भार असतो. त्यामुळे धातू त्या आवरणातच अडकून पडते. काही आपल्या पेशीत गंधकयुक्त लहान प्रथिने तयार करून धातूला त्यांत जखडून ठेवतात. काही धातूचे रासायनिक रूपच पालटतात. या युक्त्या सूक्ष्मजंतू स्वतःच्या जीवासाठी योजतात, झाडाच्या प्रेमाने नव्हे. परंतु ते मुळालगत राहत असल्यामुळे त्यांच्या बचावात झाडाचाही बचाव होऊ शकतो.

५. पिकाला होणारी मदत

ही मदत मुख्यतः चार प्रकारची असते.

(अ) धातू अडवून धरणे. वर सांगितलेले चिकट आवरण, जिवाणूंच्या पेशींच्या भिंती व कुजलेला सेंद्रिय भाग यांना धातूचे आयन चिकटतात व मुळांपर्यंत पोहोचणारे प्रमाण कमी होते. काही जिवाणू युरियाचे विघटन करून भोवतालची माती अल्कधर्मी करतात. मग तेथे चुनखडीचे कण तयार होतात व धातू त्यांत कोंडली जाते.

(आ) धातूचे रूप पालटणे. याचे उत्तम उदाहरण क्रोमियमचे आहे. मातीत क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत आढळते. त्यांपैकी षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते, मुळांत शिरते व कर्करोगास कारण होते. त्रिसंयुजी क्रोमियम बहुतांशी न विरघळता मातीतच बसून राहते व पुष्कळच कमी विषारी असते. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात भारतातील क्रोमाइट धातुकाचा बहुतांश साठा आहे आणि तेथील खाणींच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम उतरते. कानपूर व तामिळनाडूतील राणीपेठ या भागांतही क्रोमियमयुक्त रसायनांच्या कचऱ्याने जमीन व भूजल दूषित झाले आहे. अशाच ठिकाणच्या मातीतून षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूपात परिवर्तन करणारे जिवाणू वेगळे करण्यात आले आहेत. जेथे रोग, तेथेच औषधी उगवावी, असा हा प्रकार आहे. धातू जागच्या जागीच राहते, पण तिची नखे मोडली जातात.

(इ) मुळांशी जडलेली बुरशी. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, वृक्षांची मुळे व बुरशीचे धागे यांचा जिवंत संयोग होतो. या जोडीला त्याने मायकोरायझा, म्हणजे ‘कवकमूळ’, असे नाव दिले. बहुसंख्य पिकांच्या मुळांतही अशी बुरशी असते. ती झाडाकडून साखर घेते व मोबदला म्हणून दूरच्या मातीतील स्फुरद व पाणी आणून देते.

विषारी मातीत या बुरशीचे काम किती महत्त्वाचे असते, हे १९८१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी हीथर नावाच्या झुडपावर दाखविले. तांबे व जस्त यांचे प्रमाण फार असता बुरशीविना वाढविलेली रोपे तग धरू शकली नाहीत. बुरशी असलेली रोपे मात्र वाढली. कारण धातू बुरशीच्या धाग्यांत मुळांतच अडकून राहिली व फांद्यांकडे कमी गेली.

याहून मनोरंजक हकीकत जर्मनीतील आखेन शहराजवळची आहे. तेथे जुन्या खाणींच्या जस्तयुक्त मातीवर पिवळ्या फुलांचे एक रोप उगवते. त्याला ‘जस्ताचे व्हायोलेट’ म्हणतात. जेथे इतर रोपे करपतात, तेथे हे फुलते. ब्राइनिगरबेर्ग येथील अशा एका रोपाच्या मुळांतून संशोधकांनी बुरशी वेगळी केली व ती मक्याच्या मुळांना लावून मका धातूंनी भरलेल्या मातीत पेरला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असे आढळले की, त्या बुरशीच्या सोबतीने मका त्या मातीतही वाढला. इतकेच नव्हे, तर सामान्य जमिनीतील बुरशी लावलेल्या मक्यापेक्षा त्याच्या मुळांत व खोडपानांत धातूंचे प्रमाण कमी होते. मुळांच्या आतील भागात बुरशी जेथे वसली होती, त्या पेशींतच धातू साठलेली आढळली. खाणीवरील मातीत दीर्घकाळ राहून त्या बुरशीने जी शक्ती मिळविली होती, ती मक्यालाही उपयोगी पडली.

(ई) रोपाला धीर देणे. विष, दुष्काळ किंवा इजा यांचा आघात झाला म्हणजे वनस्पती इथिलीन नावाचा वायू अधिक प्रमाणात निर्माण करते. हा वायू म्हणजे तिचे एक संप्रेरकच होय. तो वाढला की मुळांची वाढ खुंटते. काही जिवाणू ज्या द्रव्यापासून इथिलीन बनते त्याचेच विघटन करून टाकतात; त्यामुळे इथिलीन कमी निर्माण होते व मुळे वाढत राहतात. याशिवाय अनेक जिवाणू लोहाला घट्ट धरणारी द्रव्ये मातीत सोडतात. जड धातूंच्या गर्दीत लोहाविना उपाशी राहणाऱ्या रोपाला त्यामुळे लोह मिळू शकते व पाने पिवळी पडत नाहीत.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सडबरी हा निकेलच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेला भाग आहे. तेथील निकेलयुक्त मातीतून मिळालेला क्लुइव्हेरा नावाचा जिवाणू मोहरीवर्गातील कॅनोला या पिकाच्या बियाण्यास लावला, तेव्हा निकेल असूनही रोपे चांगली वाढली. हा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. पण त्याच प्रयोगातील आणखी एक निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

६. हिरवे पीक आणि निर्दोष धान्य

कॅनोलाच्या रोपांचे वजन करून त्यांतील निकेल मोजले असता असे आढळले की, जिवाणू लावलेल्या व न लावलेल्या रोपांत दर मिलिग्रॅममागे निकेलचे प्रमाण सारखेच होते. म्हणजे जिवाणूने निकेलला अडविले नव्हते. त्याने रोपाला निकेल सोसण्यास समर्थ केले होते.

याचा अर्थ काय होतो, ते पाहा. दोन शेतकऱ्यांपैकी एकाने धातू अडविणारा सूक्ष्मजंतू वापरला व दुसऱ्याने केवळ धीर देणारा वापरला. दोघांचीही शेते सारखीच हिरवी दिसतील. कदाचित दुसऱ्याचे पीक अधिकच जोमदार असेल. परंतु पहिल्याचे धान्य खाण्यास योग्य असेल आणि दुसऱ्याचे कदाचित नसेल. इतकेच काय, जे पीक पूर्वी विषाने करपून जात असे व म्हणून कोणाच्या ताटात जात नसे, ते आता तरारून उठेल आणि आपल्याबरोबर विष घेऊन बाजारात जाईल. जिंझू खोऱ्यातील भाताची गोष्ट पुन्हा एकदा आठवावी.

लोहाला धरणारी जिवाणूंची द्रव्येही दुधारी असतात. ती कधी कधी लोहाबरोबर इतर धातूंनाही मातीपासून सोडवितात व मुळांना अधिक उपलब्ध करून देतात. जमीन स्वच्छ करण्यासाठी मुद्दाम धातू शोषणारी झाडे लावून ती कापून न्यावयाची असतील, तर हा गुण इष्टच होय. धान्यपिकात मात्र तो दोष ठरतो. म्हणून कोणता सूक्ष्मजंतू चांगला, असा प्रश्न मोघमपणे विचारता येत नाही. कोणत्या कामासाठी चांगला, हे आधी ठरवावे लागते.

तांदळाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी सडलेल्या तांदळातील कॅडमियमची मर्यादा एका किलोग्रॅममागे ०.४ मिलिग्रॅम ठरविली आहे. इतके अल्प प्रमाण डोळ्यांना, जिभेला किंवा पिकाच्या रंगावरून कळणे अशक्य आहे. ते प्रयोगशाळेतच कळते.

७. भातखाचरातील पेच

भाताच्या शेतात सूक्ष्मजंतूंचे सामर्थ्य फार मोठ्या प्रमाणावर प्रकट होते आणि त्यासाठी बाहेरून कोणताही जंतू आणावा लागत नाही. खाचरात पाणी तुंबले की मातीतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू जोर धरतात. त्यांपैकी काही सल्फेटपासून सल्फाइड बनवितात. सल्फाइडचा कॅडमियमशी संयोग होऊन न विरघळणारे संयुग तयार होते. अशा रीतीने पाण्याखाली कॅडमियम बंदिस्त होते. भात पिकू लागले की शेतकरी खाचरातील पाणी काढून टाकतो. हवा आत शिरते, सल्फाइडचे पुन्हा सल्फेट होते आणि कॅडमियम मोकळे सुटते. नेमक्या याच सुमारास दाणा भरत असतो. मँगेनीज आत घेण्याचा जो मार्ग भाताच्या मुळांत असतो, त्याच मार्गाने कॅडमियमही शिरते. म्हणून जपानमध्ये कॅडमियमग्रस्त भागात भात निसवण्याच्या आधी व नंतर सुमारे तीन तीन आठवडे खाचरात पाणी टिकविण्याचा सल्ला देतात.

परंतु हाच सल्ला बंगालमधील आर्सेनिकग्रस्त शेतकऱ्याला दिला, तर अनर्थ होईल. आर्सेनिक हे कोरड्या, हवेशीर मातीत लोहाच्या गंजासारख्या संयुगांना चिकटून राहते. पाणी तुंबले की लोहावर जगणारे दुसरे जिवाणू ती संयुगे विरघळवितात आणि आर्सेनिक सुटे होते. ते अधिक चंचल रूप धारण करते व वाळूतील मूलद्रव्य जे सिलिकॉन, ते आत घेण्याच्या मार्गाने भातात शिरते. तेथे खाचर मधून मधून सुकविणे हिताचे असते. म्हणजे एका विषावर पाणी हा उतारा, तर दुसऱ्या विषाला तेच पाणी पोषक. ज्या जमिनीत दोन्ही असतील, तेथे शेतकऱ्याला तारेवरची कसरत करावी लागते. रोगाचे निदान केल्यावाचून औषध देऊ नये, हा वैद्यकातील नियम जमिनीलाही लागू आहे.

८. मदतनीसही आजारी पडतात

येथवर वाचून असे वाटण्याचा संभव आहे की, माती कितीही दूषित झाली तरी सूक्ष्मजंतू आपल्याला तारतील. ही समजूत चुकीची आहे. इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रायोगिक शेतावर १९४२ ते १९६१ या काळात काही वाफ्यांना शहरी मैलागाळाचे खत देण्यात आले. त्या गाळात जड धातू होत्या. गाळ देणे थांबल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या वाफ्यांतील क्लोव्हर हे द्विदल चाऱ्याचे पीक नीट वाढत नव्हते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे कारण उघड झाले. द्विदल झाडांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतील नत्र बांधून झाडाला देतात. धातूंमुळे त्यांचे कार्यक्षम वाण नष्ट झाले होते व एक निरुपयोगी वाण तेवढे शिल्लक उरले होते. ते गाठी तयार करी, पण नत्र देत नसे. क्लोव्हरला प्रत्यक्ष विषबाधा झाली नव्हती; त्याचा अन्नदाताच नाहीसा झाला होता.

धातूचा आघात असा प्रथम अदृश्य सेवकांवर होऊ शकतो, आणि त्याचा परिणाम विष सोडणे थांबल्यावरही टिकून राहतो. तेव्हा सूक्ष्मजंतूंची मदत म्हणजे जमिनीत घाण सोडण्याचा परवाना नव्हे.

९. शेतावरील उपयोग

कुंडीतील प्रयोग आणि शेत यांत मोठे अंतर असते. कुंडीतील माती पुष्कळदा आधी निर्जंतुक केलेली असते. तेथे आपण घातलेल्या जिवाणूला प्रतिस्पर्धी नसतो. शेतात मात्र त्याला मूळच्या रहिवाशांशी झगडावे लागते. ऊन, कोरडेपणा व आदिजीवांची भूक यांतून तो वाचला तरच उपयोग होतो. म्हणून त्याच किंवा तशाच जमिनीतून निवडलेले स्थानिक वाण बहुधा अधिक टिकाव धरतात. शिवाय धातू सोसणारे काही जिवाणू माणसाला रोगकारक असतात. ते निरुपद्रवी आहेत याची खात्री करून घेतल्यावाचून शेतात सोडणे धोक्याचे आहे.

आजच्या ज्ञानाप्रमाणे दूषित जमिनीवर उपाययोजनेचा क्रम असा असावा :

पहिले, विषाचा प्रवाह ज्या उगमातून येतो तो बंद करणे. दुसरे, माती, पाणी व धान्य यांची प्रयोगशाळेत परीक्षा करून कोणती धातू किती आहे हे ठरविणे. तिसरे, जमीन आम्लधर्मी असल्यास योग्य प्रमाणात चुना देणे. कारण आम्लतेत कॅडमियम व जस्त अधिक विरघळतात. चौथे, चांगले कुजलेले, धातूविरहित शेणखत अथवा कंपोस्ट घालणे; त्याने धातू धरली जाते व सूक्ष्मजंतूंनाही अन्न मिळते. पाचवे, पिकाची निवड विचारपूर्वक करणे. पालेभाज्या कॅडमियम विशेष शोषून घेतात, म्हणून अशा जमिनीत त्या लावू नयेत. प्रदूषण फार असल्यास धान्य सोडून तंतूंची किंवा लाकडाची पिके घ्यावीत. सहावे, या सर्वांच्या जोडीला परीक्षा झालेले सूक्ष्मजंतू वापरणे. आणि सातवे, पीक निघाल्यावर दाण्याची पुन्हा परीक्षा करणे. या शेवटच्या पायरीवाचून आधीच्या सहांना अर्थ उरत नाही.

१०. करून पाहा

प्रयोग पहिला : बाटल्यांचे वरचे दोन अर्धे भाग नरसाळ्याप्रमाणे उपडे ठेवा व त्यांच्या तोंडांत कापसाचे बोळे बसवा. एकात स्वच्छ धुतलेली वाळू भरा. दुसऱ्यात तीन भाग वाळू व एक भाग बागेतील कंपोस्टयुक्त माती यांचे मिश्रण भरा. पेलाभर पाण्यात शाळेच्या प्रयोगशाळेतील मेथिलीन ब्लूचे काही थेंब टाकून ते दोहोंत सारखे ओता. खाली आलेल्या पाण्याच्या रंगांची तुलना करा. या रंगाच्या आयनांवर कॅडमियमप्रमाणेच धन भार असतो. माती व कुजलेला सेंद्रिय भाग त्यांना धरून ठेवतात. प्रयोगासाठी कारखान्याजवळची माती किंवा पाणी मुळीच आणू नये.

प्रयोग दुसरा : चांगल्या शेतातील चवळीचे, मुगाचे किंवा हरभऱ्याचे फुलावर आलेले रोप मातीसह अलगद उपटा. मुळे पाण्यात बुडवून धुवा. मुळांवर गाठी दिसतील. एखादी गाठ नखाने फोडून पाहा. आतील रंग गुलाबी असल्यास ती नत्र बांधण्याचे काम करीत आहे असे समजावे. पांढुरकी असल्यास ती काम करीत नाही. वोबर्न येथील मातीने कोणती गोष्ट गमावली होती, ते या लहानशा गाठीवरून समजेल.

सारांश

जड धातू मूलद्रव्ये असल्यामुळे सूक्ष्मजंतू त्यांचा नाश करू शकत नाहीत. ते त्यांना जखडून ठेवतात, त्यांचे रूप पालटतात, मुळांत अडवितात किंवा पिकाला त्या सोसण्याचे बळ देतात. यांपैकी पहिल्या तीन कार्यांनी धान्यातील विष कमी होऊ शकते; चौथ्याने पीक वाचते, पण धान्य निर्दोष होईलच असे नाही. एकाच उपायाने एक धातू बांधली जाते व दुसरी सुटते. सूक्ष्मजंतूही धातूंच्या विषाने मरतात. म्हणून जमीन दूषित होऊ न देणे हाच मुख्य उपाय होय. सूक्ष्मजंतूंचे साहाय्य हा जेथे हानी होऊन चुकली आहे तेथील आधार आहे. शेतकऱ्याने पिकाचा रंग पाहून समाधान मानू नये, दाण्याची परीक्षा मागावी. आणि ती त्याला सहज मिळावी, याची काळजी समाजाने घ्यावी.

प्रश्न

१. सेंद्रिय कचरा मातीत कुजतो, पण कॅडमियम कुजत नाही. याचे कारण सांगा.

२. ‘मातीत किती धातू आहे’ आणि ‘पिकाला किती धातू मिळते’ या दोहोंत फरक का पडतो?

३. क्रोमियमच्या दोन रूपांची तुलना करा व जिवाणू त्यांत कोणता बदल घडवितात ते लिहा.

४. जस्ताच्या व्हायोलेटवरील बुरशीचा प्रयोग व सडबरी येथील जिवाणूचा प्रयोग यांच्या निष्कर्षांत कोणता महत्त्वाचा भेद आहे?

५. कॅडमियमग्रस्त व आर्सेनिकग्रस्त भातशेतीस पाण्याविषयी परस्परविरुद्ध सल्ला का द्यावा लागतो?

६. तुमच्या गावाजवळ एखादे शेत सांडपाण्यावर भिजत असेल, तर तेथील भाजी खाण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासल्या पाहिजेत? वर्गात चर्चा करा.